वाचलेल्यावर बोलायचं कसं? कोल्हापुरातल्या वाचक गटासाठी

कोल्हापुरात वाचणारी माणसं शोधावी लागत नाहीत आणि बोलणारी तर मुळीच नाहीत. वाचलेल्या पुस्तकावर दहा मिनिटं नेमकं बोलणारं माणूस मात्र सहजी हाताला लागत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून या गावात आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला, तो देशातला असा पहिला कायदा मानला जातो. थोडक्यात, पुस्तक मिळण्याची सोय इथे जुनी आहे आणि वाचक गट मोडतात ते पुस्तकांवाचून नव्हे. चार बैठका होतात, सगळे ‘छान आहे’, ‘लई भारी’, ‘नक्की वाचा’ म्हणून चहा पितात आणि पाचव्या बैठकीला तिघंच उरतात.

त्या तिघांसाठी हे लिहितोय. नवीन गट काढणाऱ्यांनाही उपयोग होईल. सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: गटात सांगितलेलं मत पुस्तकातल्या एखाद्या ठरावीक जागेवर उभं असलं पाहिजे. तेवढं जमलं की बाकीची व्यवस्था थोडी ढिसाळ असली तरी चालून जाते.

आधी प्रकार ठरवा

गट दोन तऱ्हेने चालतात. एकात सगळ्यांनी महिनाभर एकच पुस्तक वाचायचं, दुसऱ्यात ज्याने त्याने अलीकडे वाचलेलं सांगायचं.

पहिल्या प्रकारात चर्चा खोल जाते, कारण समोरच्यानेही तेच वाचलेलं असतं आणि तो लगेच ‘थांबा, असं नाही ते’ म्हणू शकतो. अडचण प्रतींची. ग्रंथालयात एका पुस्तकाच्या सहसा एक-दोन प्रतीच असतात आणि दर महिन्याला सगळ्यांनी नवी प्रत विकत घ्यायची म्हटलं की विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी आधी गळतात. दुसऱ्या प्रकारात ही कटकट नाही. आठ माणसं, आठ पुस्तकं. पण तिथे बैठकीचं रूपांतर भाषणमालेत व्हायला वेळ लागत नाही. इतरांनी पुस्तक वाचलेलंच नसतं, मग विरोध कोण करणार?

मी मिश्र पद्धत सुचवेन. दोन महिने आपापलं, तिसऱ्या महिन्यात सामाईक पुस्तक. सामाईक पुस्तक निवडताना आधी घरोघरी काय पडलंय ते विचारा. ‘ययाति’, ‘झोंबी’ किंवा ‘मृत्युंजय’ची एखादी जीर्ण प्रत या भागातल्या बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर सापडते. जुन्या प्रतींमुळे एक गोंधळ होतो: आवृत्ती वेगळी, म्हणून पान क्रमांक वेगळे. त्यावर उपाय सोपा. पान क्रमांकाऐवजी प्रकरण सांगायचं आणि परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द सांगायचे.

माणसं किती, बसायचं कुठे, वार कोणता

आठ ते दहा माणसं पुरे. हिशेब करून बघा: आठ जण, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं. चहाला आणि मधल्या गप्पांना २०, पुढची बैठक ठरवायला आणि पुस्तकांच्या देवाणघेवाणीला आणखी २०. दोन तास झाले. पंधरा माणसं घेतलीत तर एक तर वेळ पाच मिनिटांवर येतो किंवा शेवटच्या चौघांच्या वेळी सगळे घड्याळाकडे बघत असतात. इच्छुक जास्त असतील तर दोन गट करा. एकत्र मोठा गट केल्याचा आनंद फार दिवस टिकत नाही.

जागा म्हणून कुणाच्या तरी घराची बाहेरची खोली सगळ्यात चांगली. आळीपाळीने घरं ठरवा आणि पहिल्याच दिवशी सांगून टाका: चहा आणि वर फार तर भडंग. एका घरी कांदाभजी झाली की पुढच्या घरी शिरा होतो, तिसरीकडे वहिनी सकाळपासून स्वयंपाकघरात अडकतात आणि ज्या घरात पाचजणी वाचणाऱ्या आहेत त्या घरची एकही बाई बैठकीला बसत नाही. घरं सोयीची नसतील तर शाळेचा वर्ग, ग्रंथालयातली खोली, सोसायटीचं सभागृह विचारा. थंडीत टाऊन हॉलच्या बागेतही बसता येतं. रंकाळा मात्र टाळा. तिथे दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओळखीचं भेटतं, आणि भेळेची गाडी समोर असताना कवितेवर कोण बोलणार?

वार ठरवताना दर वेळी ‘सगळ्यांना कधी जमेल’ हे विचारत बसू नका. सगळ्यांना कधीच जमत नसतं. महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी दहा, असं एकदा ठरवा आणि येतील त्यांच्यासोबत बसा. तरीही गावाचं वर्ष लक्षात घ्यावंच लागतं. गळीत हंगामात ऊसवाले आणि कारखान्यातले सभासद कमी येतील. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची अंतिम लढत असेल त्या दिवशी शिवाजी पेठेतल्या माणसाकडून कथासंग्रहाची अपेक्षा करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं की नदीकाठच्या गावांतून येणाऱ्यांचा रस्ताच बंद होतो. २०१९ आणि २०२१ चे पूर कुणी विसरलेलं नाही. म्हणून पावसाळ्यातले दोन महिने एखादी जाडजूड कादंबरी सामाईक ठेवावी, बैठक गरज पडली तर फोनवर घ्यावी, आणि सप्टेंबरात प्रत्यक्ष बसावं.

मत तयार करणं

खरं काम इथे आहे आणि ते बैठकीआधी घरी होतं. बहुतेक माणसं पुस्तक संपवून थेट येतात आणि बोलायला लागल्यावर विचार करतात. मग गोष्टच सांगितली जाते: ‘मग तो मुंबईला जातो, मग तिचं लग्न होतं, मग...’ दहा मिनिटं गोष्टीतच संपतात.

तोडगा म्हणून एक कागद घ्या, पोस्टकार्डाएवढा, त्याहून मोठा नको. त्यावर पुढच्या गोष्टी याच क्रमाने लिहा.

पहिली, पुस्तक कशाबद्दल आहे ते दोन वाक्यांत. लेखक, अनुवाद असल्यास अनुवादकाचं नाव, आणि साधारण कधीचं पुस्तक हेही. अनुवादकाचं नाव गाळायची आपल्याला खोडच आहे. ज्या भाषेवर तुम्ही खूश आहात ती मराठी त्याने लिहिलेली असते.

दुसरी, एक जागा. तुम्ही जिथे थांबलात, मागे जाऊन पुन्हा वाचलंत, चिडलात, हसलात, किंवा पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलात ती. प्रकरण लिहून ठेवा. दहा ओळींपेक्षा मोठी नको, कारण ती तुम्हाला वाचून दाखवायची आहे.

तिसरी, त्या जागेत लेखकाने नेमकं काय केलंय. हा प्रश्न अवघड वाटतो, पण सुरुवात साध्या गोष्टींपासून होते. कोण बोलतंय? वाक्यं तुटक आहेत की लांब? काय सांगायचं टाळलंय? पात्राला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे का?

चौथी, कुठे पटलं नाही. आवडत्या पुस्तकातही एक तरी जागा सापडतेच. ‘शेवटी घाई केलीय’ हे चालेल, पण घाई कुठून सुरू झाली तेही सांगा.

पाचवी, हे पुस्तक गटातल्या कुणाला द्याल आणि कुणाला मुद्दाम देणार नाही. ‘प्रत्येकाने वाचावं’ हे वाक्य बंद. सगळ्यांनी वाचावं असं पुस्तक रेल्वेचं वेळापत्रक सोडून माझ्या तरी पाहण्यात नाही.

कागद तयार झाला की एक चाचणी घ्या. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यातल्या पुस्तकाच्या जागी दुसऱ्याच एखाद्या पुस्तकाचं नाव घालून बघा. ‘भाषा ओघवती आहे, व्यक्तिरेखा जिवंत आहेत, वाचक खिळून राहतो’ हे कुठल्याही कादंबरीला चिकटतं. असं वाक्य खोडा. ‘आईचं बोलणं कानडी मिसळलेलं आहे आणि ती रागावली की पूर्ण कानडीत जाते, तिथे लेखक मराठी अर्थ देत नाही’ हे फक्त एकाच पुस्तकाबद्दल म्हणता येतं. ते ठेवा.

सामाईक पुस्तकाचं उदाहरण घेऊ. वि. स. खांडेकर कोल्हापुरातच राहिले आणि ‘ययाति’साठी त्यांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं ते पहिलं. गटात या कादंबरीवर बोलताना हमखास येणारं मत म्हणजे ‘देवयानी फार गर्विष्ठ आहे’. ठीक. पण कादंबरी ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने सांगतात. मग विचारायचं: ही गर्विष्ठ बाई तुम्हाला कुणाच्या निवेदनात भेटली? ययाति सांगत असताना, की ती स्वतः बोलत असताना? नवरा बायकोबद्दल सांगतोय, तोही असा नवरा ज्याला स्वतःच्या वागण्याचा खुलासा द्यायचा आहे. एवढं विचारलं की माणसं आपल्या जुन्या प्रती उघडतात, प्रकरणं शोधतात, एखादी वहिनी ‘हे बघा, इथे ती स्वतः काय म्हणते’ म्हणून वाचून दाखवते आणि अर्धा तास कुठे गेला कळत नाही. मत बदलेल किंवा बदलणारही नाही. देवयानी गर्विष्ठच ठरली तरी आता ते कशावरून हे सगळ्यांना माहीत असतं.

बैठकीतली दहा मिनिटं

दर वेळी एक सूत्रधार नेमा आणि तो बदलत ठेवा. त्याचं काम तीन गोष्टींचं: फोनवर वेळ लावणं, बोलणाऱ्याला पुस्तकाकडे परत आणणं, आणि जो गप्प आहे त्याला नावाने विचारणं. सूत्रधाराने त्या दिवशी स्वतःचं पुस्तक सांगू नये. दोन्ही करायला गेलं की एकही धड होत नाही.

वेळेची वाटणी अशी: पहिली पाच मिनिटं बोलणाऱ्याची, त्यातच निवडलेला परिच्छेद मोठ्याने वाचायचा. या पाच मिनिटांत कुणी मध्ये बोलायचं नाही, ‘याच्यावर सिनेमा आलाय की’ असंही नाही. पुढची पाच मिनिटं बाकीच्यांच्या प्रश्नांची. मोठ्याने वाचणं वगळू नका. इतरांनी पुस्तक वाचलेलं नसतं, तेव्हा या दहा ओळीच त्यांच्या हातात असतात. त्यावरून ते तुमच्याशी भांडू शकतात. काही सभासद वाचायला लाजतात, विशेषतः बोलीतला संवाद असेल तर. त्यांनी गावाकडची कागल-गारगोटी बाजूची बोली जशी येते तशीच वाचावी. प्रमाण उच्चारात वाचलेला तिथला संवाद ऐकायला फार विचित्र वाटतो.

क्रमाबद्दल एकच सांगणं: नवखे आधी, प्राध्यापक शेवटी. गटात एखादे सर असतातच, त्यांचं वाचनही दांडगं असतं, पण ते पहिल्यांदा बोलले की बाकीचे आपला कागद खिशात घालतात. सरांचं बोलणं लांबलं तर ‘सर, वेळ झाली’ म्हणणं आपल्याकडे कुणाला जमत नाही. त्याऐवजी म्हणा, ‘सर, ती जागा जरा वाचून दाखवता का?’ पुस्तक उघडलं की व्याख्यान आपोआप थांबतं. मान राहतो आणि मुद्दाही सापडतो.

प्रश्न कसे विचारावेत? ‘आवडलं का?’ इथे उत्तर एका शब्दात संपतं. ‘तुम्ही कुठे कंटाळलात?’, ‘हीच गोष्ट बायकोच्या तोंडून आली असती तर कुठलं प्रकरण राहिलं नसतं?’, ‘हे पुस्तक तुम्ही कॉलेजात असताना वाचलं असतं तर काय वाटलं असतं?’ असे विचारा. कवितासंग्रह असेल तर फक्त एक कविता दोनदा, दोन वेगळ्या माणसांनी वाचायची. कुठे थांबले, कशावर जोर दिला, यावर बोलायला पुष्कळ निघतं.

शेवट सांगायचा का? रहस्यकथेचा नाही. बाकीच्यांबद्दल बोलणाऱ्याने आधी विचारावं आणि एकाने जरी नको म्हटलं तरी थांबावं. सामाईक पुस्तकाला ही सवलत नाही. वाचून आला नसाल तर शेवट ऐकावा लागेल.

‘आमच्याकडे पण असंच’

हे वाक्य येणारच आणि ते यावं. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव सोडावं लागलेली माणसं आणि मागे राहिलेल्या म्हशी यांची ती कादंबरी. या जिल्ह्यात अशी चर्चा निघाली की खोलीत एखादं धरणग्रस्त घरातलं माणूस असतंच, आणि ते बोलायला लागलं की पुस्तक बाजूला पडतं. पडू द्या थोडा वेळ. असं ऐकायला मिळणं हे या गटाचं भाग्य आहे. पण नंतर सूत्रधाराने त्याच माणसाला विचारावं: ‘तुमच्या घरी जे झालं त्यातलं यात काय आलं नाही?’ आपला अनुभव पुस्तकाशेजारी ठेवून बघणाऱ्याचं मत वेगळ्याच वजनाचं असतं. मात्र सूनबाई, जावई, नगरपालिका आणि पेट्रोलचा दर इथपर्यंत गाडी गेली तर फार वाट बघू नका.

भांडण झालं तर

इतिहास, जात, धर्म, राजकारण यांवरची पुस्तकं गटात येणार. काही गट वादाच्या भीतीने ती वर्ज्य करतात. शाहू महाराजांच्या गावात, जिथे १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला, तिथे जातीवरचं पुस्तक नको म्हणणारा वाचक गट मला तरी शोभत नाही. पुस्तक घ्या, पण नियम आधी सांगा.

बोलायचं ते पुस्तकातल्या मजकुरावर, खोलीतल्या माणसावर नाही. पात्र जे म्हणतं ते लेखकाचं मत असेलच असं नाही, आणि लेखकाचं मत ते पुस्तक आणणाऱ्याचं तर नाहीच नाही. एखाद्या आत्मकथनाबद्दल कुणी ‘हे जरा वाढवून लिहिलंय’ म्हणालं, तर ‘कुठलं प्रकरण?’ हा प्रश्न विचारायचाच. बहुतेक वेळा प्रकरण सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही हे त्यालाही उमगतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दलित आत्मकथनावर बोलताना गटातल्या दलित सभासदाकडे, किंवा मुस्लिम लेखिकेच्या पुस्तकावर बोलताना गटातल्या मुस्लिम ताईंकडे, सगळ्यांनी माना वळवून ‘तुम्ही सांगा’ म्हणायचं नाही. त्यांनाही विज्ञानकथा आवडत असेल. त्यांना बोलावंसं वाटलं तर ते बोलतील.

ऐतिहासिक कादंबरीवर वाद पेटला तर एक फरक स्पष्ट ठेवा: ‘असं घडलं होतं का’ हा एक प्रश्न आणि ‘कादंबरीत हे पटतं का’ हा दुसरा. पहिला प्रश्न बैठकीत सुटत नाही. कुणीतरी पुढच्या वेळी साधनग्रंथ घेऊन यावा.

न वाचता आलेले, मध्येच सोडलेलं

न वाचता आलेल्याला येऊ द्या. दोनदा तसंच आलं तरी येऊ द्या. तिसऱ्यांदा त्याला सूत्रधार करा.

मध्येच सोडलेल्या पुस्तकाला मात्र पूर्ण दहा मिनिटं मिळाली पाहिजेत. माणूस कुठल्या पानावर उठला हे सांगायला लागला की तो फार प्रामाणिक बोलतो. गाजलेलं पुस्तक सोडलेलं असेल तर आणखी मजा; ज्यांनी ते पूर्ण वाचलंय त्यांना त्याचा बचाव करावा लागतो. कानाने ऐकलेलं पुस्तकही चालेल. फक्त निवडलेली जागा कितव्या मिनिटाला आहे ते लिहून आणा आणि तेवढी ऐकवा. वाचणाऱ्याच्या आवाजाने मत किती घडलं, हाही प्रश्न विचारता येतो.

नोंदवही आणि फोन

दोनशे पानी वही घ्या. तारीख, कोण बोललं, पुस्तक, लेखक, निवडलेली जागा, आणि कुणीतरी घेतलेला एक आक्षेप. बस. इतिवृत्त लिहू नका, ते कुणी वाचत नाही. वहीच्या मागच्या बाजूला देवाणघेवाण: कुणाचं पुस्तक, कुणी नेलं, कधी नेलं. ‘आपल्यातच आहे’ म्हणून नोंद न करता दिलेली पुस्तकं परत येत नाहीत. ग्रंथालयाचं पुस्तक तर दुसऱ्याला देऊच नका, अनामत तुमची अडकते.

व्हॉट्सॲप गट लागतोच, पण फक्त तारीख, पत्ता आणि पुस्तकाचं नाव यासाठी. सुप्रभात आणि फुलं पहिल्याच दिवशी बंद करा. नंतर बंद करायला गेलं की माणसं दुखावतात. आणि पुस्तकांच्या पीडीएफ फिरवू नका. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क शाबूत असतात. हरी नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचं मूळ लेखन आता सगळ्यांसाठी खुलं आहे, ते खुशाल पाठवा. आज लिहिणाऱ्या माणसाचं पुस्तक विकत घ्या, किंवा ग्रंथालयात मागणी नोंदवा. चार-पाच सभासदांनी एकाच पुस्तकाची मागणी केली तर ग्रंथालय ते घेण्याचा विचार नक्की करतं.

वर्ष संपताना वही उलटी चाळा. मागच्या बाजूने कुठलं पुस्तक सगळ्यात जास्त हातांतून गेलं ते दिसेल, पुढच्या बाजूने कुठल्या पुस्तकावर आक्षेपांची गर्दी झाली ते. दोन्हीकडे एकच नाव निघालं तर नव्या वर्षाचं पहिलं सामाईक पुस्तक तेच. वेगवेगळी निघाली तर आक्षेपवालं निवडा.